कानापाशी वाळा

बजाबाई : मोठ्यानं बोला की सर. कायबी ऐकू येईना हितं.

शाकीर : मोठ्यानं नाही जमत, मावशी. गळ्यापर्यंत माती आहे. श्वाससुद्धा अर्धाच येतोय. तुम्ही कानातला कापूस काढा.

बजाबाई : त्ये सोडून दुसरं कायबी सांगा.

शाकीर : बरं. मग आधी मागं सरा. तुमच्या पायाखाली चारीच्या भिंतीला भेग पडलीय. मला इथून दिसतेय.

बजाबाई : कुटं? अगं बया, ही व्हय! हात जाईल की हिच्यात.

शाकीर : हळू. पाय आपटू नका. त्या बाभळीला धरा. हां. आता पालथ्या झोपा, म्हणजे वजन एका जागी पडणार नाही. डोकं तेवढं पुढं काढा.

बजाबाई : न्हाय. म्या भुईला डोस्कं टेकत न्हाय. बाजंबिगर पडल्याली न्हाय मी आजवर, बाळंतपनात बी न्हाय. हितंच बसते उकिडवी, बाभळीला धरून. दिसतंय तुमचं डोस्कं.

शाकीर : डोकंच उरलंय दिसायला.

बजाबाई : इनोद सुचतोय व्हय? किती येळा सांगितलं, सर, पाइपलाइनीची चारी हाय, जेशीबीनं खांदल्याली, पावसाचं पानी पिऊन फुगलीया, तिच्यात उतरू नगा. उतरलाव त्ये उतरलाव, वर माझंच खुरपं घिऊन खालनं उकरत बसलाव. खालची माती काढल्यावर वरची काय हवंत ऱ्हाईल?

शाकीर : मुंग्यांचं घर भिंतीत उघडं पडलेलं दिसलं. राहवलं नाही. चूक माझीच. पिंकी गेली ना नक्की?

बजाबाई : गेली की स्कुटीवर वस्तीकडं. नात कुनाची हाय? मानसं आन, फावडी आन, जेशीबी आनू नगंस, तुमी म्हनला तसंच सांगितलंय.

शाकीर : हां. जेसीबीचा हादरा बसला तर उरलेली भिंतही येईल. किती वेळ झाला तिला?

बजाबाई : मला काय ठावं. घड्याळ तुमच्या हातात हाय.

शाकीर : हातच कुठं आहेत? दोन्ही गुडघ्यापाशी अडकलेत. थांबा... फोन वाजतोय.

बजाबाई : कुनाचा?

शाकीर : माझा. खिशात आहे. मांडीला थरथर लागतेय. अम्मी असणार. रोज दोन वाजता विचारते, जेवलास का म्हणून. म्हणजे दोन वाजले.

बजाबाई : मला न्हाई ऐकू आला.

शाकीर : कापूस घालून कसा येईल? बंद झाला बघा. परत करेल. न उचलल्यावर तीन-तीनदा करते ती.

बजाबाई : मुंग्या डसत्यात का?

शाकीर : मानेवर. केसात. त्यांचं घर माझ्याच अंगावर पडलंय, त्यांचं तरी काय चुकलं. खाजवता येत नाही, हाच ताप.

बजाबाई : आन हे समदं कशापायी, तर त्या कानात शिरनाऱ्या जनावरापायी! सोलापुरात कालेजात पंख्याखाली बसून शिकवायचं सोडून. आनि बगायचं काय ऱ्हायलं हुतं? दिलतं की म्या एक मेल्यालं, पिंकीसंगं तुमच्या कालेजात, लोनच्याच्या बरनीत.

शाकीर : दोन तुकडे होते त्याचे.

बजाबाई : मंग काय पुजा घालू त्येची? तन भांगलताना दिसलं की खुरप्यानं दोन तुकडं. पन्नास तरी मारली असत्याल आजपतुर.

शाकीर : तेच म्हणतोय. तीन वर्षं मी या वाळ्याचे, आंधळ्या सापाचे, असले तुकडेच बघतोय. कोण बाटलीत आणतं, कोण कॅरीबॅगमध्ये. मेलेला, ठेचलेला. तो खातो कसा, जमिनीत फिरतो कसा, अंडी घालतो कुठं, काही डोळ्यानं बघितलेलं नाही. म्हणून तर म्हटलं, जिथं सापडला ती जागाच बघू.

बजाबाई : सर. हलू नगा.

शाकीर : हलणार कसा?

बजाबाई : मान बी वळवू नगा. तुमच्या मागं मातीतनं निघालंय.

शाकीर : काय निघालंय?

बजाबाई : त्येच.

शाकीर : नीट बघा. गांडूळ असेल.

बजाबाई : मला शिकवताव व्हय? गांडूळ असं चकाकतंय का? तपकिरी हाय. तेल लावल्यावानी. तोंड कुटलं न् शेपूट कुटलं, कळंना. दोनीकडनं सारखंच.

शाकीर : पुढचं टोक कसं आहे? नाक?

बजाबाई : वाकडं. पोपटाच्या चोचीवानी, खाली वळल्यालं.

शाकीर : या अल्लाह! चंचुवाळा. जिवंत! मावशी, तीन वर्षं... आणि मला मान वळवता येत नाही!

बजाबाई : हसू नगा, माती सरकतीया! येते मी खाली. खुरपं कुटं टाकलं?

शाकीर : खुरपं माझ्या हातात आहे. मातीत.

बजाबाई : मग ढेकळानं हानते.

शाकीर : नको! मावशी, अजिबात नको. त्याला काही करू नका आणि खालीही येऊ नका.

बजाबाई : आवो, कानाकडं निघालंय त्ये! तुमच्या डाव्या कानाकडं! म्या उतरते—

(बाभळीजवळच्या कडेचा मातीचा मोठा लपका सुटून चारीत पडतो.)

बजाबाई : सर? सर! आवो सर!

शाकीर : ...आहे. तोंडात गेली माती. थू... आहे मी.

बजाबाई : कुटवर आली?

शाकीर : हनुवटीपर्यंत. मावशी, पाया पडतो तुमच्या. बसा. तो वाळा नाही मारणार मला. तुम्ही खाली उतरलात तर ही कड मारेल.

बजाबाई : बसले. बसले, बाबा.

शाकीर : वाळा कुठं आहे आता?

बजाबाई : थांबलाय. तुमच्या कानापासनं चार बोटं. मातीत नाक खुपसतोय. सर, मला बगवंना. मी एकदा गप बसले हुते. दुसऱ्यांदा न्हाय बसवत.

शाकीर : एकदा म्हणजे?

बजाबाई : माझा भाऊ हुता. बिरुदेव. सात म्हैन्याचा. मी आठ वर्साची. ह्याच शिवारात, त्या वड्याच्या पल्याड, आई भांगलत हुती. मला म्हनली, झोळीत निजलाय, बगत बस, आन कुंची काढू नगंस त्येची. कुंचीनं कान झाकत्यात लेकराचं.

शाकीर : हां.

बजाबाई : लई रडाय लागला. अंग नुसतं तव्यावानी. घामानं केस चिकाटलेलं. मला वाटलं, कुंचीत उकडतंय त्येला. म्हून काढली. झोळीतनं खाली घेतला, गोदडीवर टाकला. गप झाला, सर. लगीच गप झाला. मला बरं वाटलं. मी बी कलंडले बाजूला. उठले तवा... गार हुता.

शाकीर : मावशी...

बजाबाई : आईनं गोदडी उचलून झाडली तर घडीतनं ह्येच पडलं. असंच. चोचीचं. समदी म्हनली, कानातनं मेंदवात गेलं. आईनं एकच इचारलं, कुंची कुनी काढली. त्येच्यावर मरस्तवर त्यो इषय न्हाय. पर माझ्या हातनं तिनं कंदी लेकरू घेतलं न्हाय. माझी सोताची चार झाली, ती बी न्हाय. दुसऱ्याच्या हातात दे म्हनायची, मग घ्यायची.

शाकीर : म्हणून हा कापूस.

बजाबाई : म्हून कापूस. म्हून बाज. म्हून खुरपं. काय चुकलं माझं?

शाकीर : उजव्या कानातला बोळा काढा.

बजाबाई : पुना त्येच!

शाकीर : एकच. अर्ध्या मिनिटासाठी. मला हात असता तर माझ्याच कानावर दाखवलं असतं, पण हात नाहीत. म्हणून तुमचा कान मागतोय. काढा आणि करंगळी घाला आत.

बजाबाई : ...काढला. घातली.

शाकीर : किती गेली?

बजाबाई : नख बी धड गेलं न्हाय.

शाकीर : ढकला.

बजाबाई : दुखतंय की!

शाकीर : ते भोक पुढं बोटाच्या एका पेराएवढं आत जातं आणि संपतं. तिथं पडदा असतो. भिंतच म्हणा. आता माझ्या मागं बघा. वाळा जाड किती आहे?

बजाबाई : करंगळीएवढा.

शाकीर : लांब?

बजाबाई : दीड ईत. अजून थोडा मातीत हाय, दोन ईत म्हना.

शाकीर : मावेल?

बजाबाई : पर गोदडीतनं पडला हुता की त्यो!

शाकीर : गोधडीतून पडला तो केवढा होता?

बजाबाई : एवढाच. आज्ज्यानं काठीवर घिऊन समद्यास्नी दावला.

शाकीर : अख्खा?

बजाबाई : अख्खा. वळवळत हुता.

शाकीर : मग आत काय गेलं होतं, मावशी?

बजाबाई : जरा येळ बोलू नगा.

शाकीर : बरं.

बजाबाई : ...मग बिरुदेव कशानं गेला?

शाकीर : ते मला सांगता येणार नाही. मी डॉक्टर नाही, आणि तिथं नव्हतो. पण अंग तव्यासारखं तापलं होतं म्हणालात. आदल्या दिवशी दूध पीत होता?

बजाबाई : न्हाय. वढतच नव्हता. आई म्हनायची, दात येत्यात.

शाकीर : म्हणजे आजारी होता तो. कुंची काढायच्या आधीपासून. तापलेल्या लेकराचं डोकं मोकळं केलंत तुम्ही. आठ वर्षांच्या पोरीला आणखी काय कळायला पाहिजे होतं? कशानं गेला ते माहीत नाही. पण वाळ्यानं नाही गेला. आणि तुमच्यानं नाही.

बजाबाई : आईला कुनी सांगितलं न्हाय हे.

शाकीर : नाही.

बजाबाई : मला बी न्हाय. अठ्ठावन वर्सं झाली.

शाकीर : वाळा काय करतोय?

बजाबाई : थांबा, डोळं पुसू द्या. दिसंना... हां. गिळतोय कायतरी. पांढरं. तांदळाच्या कनीवानी.

शाकीर : मुंग्यांची अंडी! घर फुटल्यावर सगळी इकडं सांडलीत. त्याच्यासाठी आलाय तो, कानासाठी नाही. मोजा.

बजाबाई : काय मोजू?

शाकीर : किती गिळतो ते. मी तीन वर्षांत जे बघितलं नाही ते तुम्ही बघताय. मोजा, मावशी, माझी शपथ.

बजाबाई : तुमी बी लई येडं हाव. एक... दोन. आगं, भराभर गिळतोय की. पाच. सा. तोंड कुटं हाय त्येचं?

शाकीर : चोचीच्या खाली, आत सरकलेलं. छोटंसं. माणसाला चावायचं म्हटलं तरी त्याला जमायचं नाही.

बजाबाई : आन डोळं? काळं ठिपकं दिसत्यात नुसतं.

शाकीर : तेच. त्यावर खवला आहे. उजेड आहे की अंधार, तेवढं कळत असेल. आणखी काय करायचंय त्याला? जन्मभर मातीतच.

बजाबाई : अकरा. बारा. मुंग्या डसत्यात त्येला, पर ह्यो हालत बी न्हाय. पोट बी पाठीवानीच हाय, सापावानी पट्टं न्हाईत... सर.

शाकीर : काय?

बजाबाई : पुढं निघाला. तुमच्या केसात अंडी अडकल्यात, कानामागं. तितं यायलाय.

शाकीर : येऊ दे.

बजाबाई : तीन बोटं. दोन.

शाकीर : लागला. गार आहे.

बजाबाई : तुमची मान लटलट करतीया.

शाकीर : माहीत आहे. मावशी, मला सगळं पाठ आहे त्याचं. खवले किती ओळींत असतात, तेसुद्धा. पण जिवंत... अंगावर... आणि हात नाहीत. मला भीती वाटतेय. खूप भीती वाटतेय. मान झटकावी वाटतेय.

बजाबाई : झटकू नगंस! भिंत ढासळंल. ऐक, लेकरा. इकडं ध्यान दे. करंगळीचं नख जात न्हाय तितं ह्यो कुटं जातोय? तूच सांगितलास न्हवं आत्ता? भिंत हाय आत. वाट संपली. मीट डोळं.

शाकीर : कानाच्या पाळीवर आहे.

बजाबाई : दिसतंय मला. पाळीला नाक लावलंय. हुंगतोय. तेरा... अंडं घेतलं पाळीवरचं. चौदा. गप ऱ्हा.

शाकीर : आ! टोचलं!

बजाबाई : चावला?

शाकीर : नाही... नाही. शेपूट. शेपटीला काटा असतो, मातीत रोवायला. तो टेकवला. विष नाही. काही नाही. मलाच सांगतोय हे मी.

बजाबाई : सांग की. मोठ्यानं सांग. मी बी ऐकते. एका कानानं चांगलं ऐकू येतंय मला.

शाकीर : विष नाही. चावत नाही. कानात जात नाही.

बजाबाई : जात न्हाय. वळला बग. खाली निघाला, मानंकडं. नाक मातीत घातलं. अगं बाई, सुई जावी तसा निघालाय. अर्धा गेला. गेला.

शाकीर : पाठीला लागतोय. शर्टावरून... खाली. अजून खाली. आता नाही कळत.

बजाबाई : गेला मुक्कामाला.

शाकीर : त्याला वाट आहे, मावशी. मला नाही.

बजाबाई : असं बोलू नगंस.

शाकीर : श्वास कमी यायला लागलाय. मघापेक्षा. छाती वर येत नाही.

बजाबाई : मग बोलूच नगंस. मी बोलते. बारीक बारीक श्वास घे, मांजराच्या पिलावानी. पिंकी येईल आता. आली की पयलं तुज्या तोंडाम्होरची माती काढायला लावते, हातानं, फावडं न्हाय. मग घरला चल. भाकरी हाय, शेंगाची चटनी हाय. तुज्या आईला मी सांगते फोनवर, जेवला म्हून.

शाकीर : ...

बजाबाई : शाकीर? आरं ए लेकरा!

शाकीर : हं.

बजाबाई : 'हं' म्हनत जा मदनं मदनं. तेवढं बास.

शाकीर : हं.

बजाबाई : चौदा अंडी. ध्यानात हाय माझ्या. वहीत लिव्हायची हायत ना तुला? बजाबाई रावजी माने, मंद्रूप, हिनं मोजली असं लिव्ह. पन्नास मारली त्ये लिव्हू नगंस.

शाकीर : ...हं.

बजाबाई : थांब. वाजतंय कायतरी. बारीक. मातीतनं... तुजा फोन का रं?

शाकीर : हं. अम्मी.

बजाबाई : ऐकू आला मला! हितवर ऐकू आला. वाजू दे माय, वाजू दे. थांब, दुसरा बोळा बी काढते.

शाकीर : मावशी...

बजाबाई : ...

शाकीर : मावशी, दिसत नाही तुम्ही. बाभळीपाशी नाही. कुठं... कुठं गेलात?

बजाबाई : हितंच हाय. आडवी पडलीया.

शाकीर : पडलात?

बजाबाई : पडले न्हाय रं. पालथी झोपलीया, तू म्हनला हुतास तशी. गप जरा.

शाकीर : का?

बजाबाई : भुईला कान लावलाय. लई पाय वाजत्यात, लेकरा. पळत येत्यात.